हाकेला ओ

आमच्या घरी सकाळी साडेसहाला कॉम्प्युटर सुरू होतो तो आईच्या अभंगांसाठी. मोबाइलचा आवाज तिला पत्र्याचा वाटतो, टेबलावरचे माझे जुने स्पीकर तिच्या पसंतीचे. परवा तिने यादी लावली, पडद्यावरची रेघ पुढे सरकू लागली आणि खोलीत ऐकू आला तो फक्त पंखा.

"स्पीकरची पिन बघ रे."

बघितली. हिरव्या भोकात हिरवी पिन, घट्ट. स्पीकरचा दिवाही लागलेला.

खरं तर आता साउंड सेटिंग्ज उघडायची. मी टर्मिनल उघडला, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी. विंडोजऐवजी वर्षानुवर्षं लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्या माणसाची ही खोडच. दार सताड उघडं असलं तरी तो कौलं काढूनच घरात उतरणार.

त्यात आवाजाच्या बाबतीत आम्ही पोळलेली माणसं. लिनक्समध्ये साउंड कार्डाशी थेट बोलायचं काम अल्सा नावाच्या भागाचं. डिसेंबर 2003 मधल्या 2.6 कर्नलपासून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या त्या आवृत्तीपासून, ते रुळलं. मग एप्रिल 2008 च्या उबुंटू या लिनक्सच्या अवताराने त्याच्या डोक्यावर पल्सऑडिओ नावाचा मुकादम बसवला. कुठल्या प्रोग्रॅमचा आवाज कुठल्या स्पीकरला जाणार, हे तो ठरवणार. त्या वर्षी कित्येकांची मशीन मुकी झाली आणि मुकादमाला हाकलायच्या युक्त्या आम्ही एकमेकांना कानात सांगत होतो. आता मुकादम बदललाय, माझ्या मिंट 22 या लिनक्सवर पाइपवायर आहे. चांगला आहे, खरंच. पण एकदा बसलेला संशय काही जात नाही, म्हणून आधी त्यालाच रीस्टार्ट केलं. यादी पुन्हा लावली. पंखा.

मग अल्सामिक्सर, अल्साचे आवाज कमीजास्त करायचा प्रोग्रॅम. काळ्या पडद्यावर थर्मामीटरसारखे उभे खांब, प्रत्येकाच्या पायाशी एक चौकोन. चॅनेल बंद असेल तर त्यात दोन एम, सुरू असेल तर दोन ओ. एम हा म्यूटचा, हे मला ठाऊक आहे. तरी ते 'एमएम' दिसलं की तान्हं पोर 'मंमं' मागतंय असंच वाटतं. आणि 'ओ' म्हणजे तर सरळ ओ देणं. लहानपणी मी पुस्तकात डोकं घालून बसलो की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "हाक मारली की ओ द्यावी माणसाने!" तेच काम इथे एका कीवर होतं. एफ-6 दाबून मदरबोर्डचं साउंड कार्ड निवडलं. हेडफोनच्या खांबाखाली एमएम सापडलं. एम दाबला, ओ मिळाली. आता सगळे खांब ओ देत होते.

पंखा.

"राहू दे, मी मोबाइलवर लावते," आई म्हणाली. लिनक्सवाल्याच्या घरात याहून मोठा अपमान नाही.

स्पीकर-टेस्ट चालवून पाहिली. या चाचणीच्या बोलक्या प्रकारात एक बाई आलटून पालटून 'फ्रंट लेफ्ट', 'फ्रंट राइट' म्हणते. पडद्यावर अक्षरं उमटत होती, बाई गप्प होती. शेवटी नाक मुठीत धरून पावूकंट्रोल उघडलं, माउसने चालणारा आवाजाचा प्रोग्रॅम. तिथे आवाजाची पट्टी मजेत नाचत होती. म्हणजे आवाज गेलेला नव्हता, तो जात होता. कुठे, तेही वरच लिहिलं होतं: एचडीएमआय.

रविवारी मी मॉनिटर बदलला होता. जुन्याची निळ्या टोकाची, दोन बाजूंना स्क्रू पिळायची व्हीजीए केबल. तिच्यातून फक्त चित्र जायचं. नव्याची एचडीएमआय, चित्र आणि आवाज दोन्ही वाहणारी. शिवाय मॉनिटर जोडला की तो आपली माहिती संगणकाला स्वतःच कळवतो, आणि या पठ्ठ्याने त्यात 'मी आवाजही घेतो' असं सांगून ठेवलं होतं. स्पीकर एक नाही अंगात! पण ग्राफिक्स कार्डाने विश्वास ठेवला. मी मदरबोर्डच्या कार्डाला हाका मारत बसलो होतो आणि ओ शेजारच्या घरातून येत होती.

पावूकंट्रोलमध्ये 'लाइन आउट', म्हणजे ते हिरवं भोक, निवडलं की काम झालं असतं. पण एक शंका आली. मॉनिटरच्या पाठीमागे हात घालून चाचपडलं. बोटांना धूळ लागली नाही, नवा होता. एक बारीक भोक लागलं. इअरफोनची पिन खुपसली आणि कानात टाळ-मृदंग! आत सगळं यथासांग चाललेलं. पहिला अभंग केव्हाच संपला होता, तिसरा शेवटच्या चरणावर आला होता, आणि मधूनच ती बाई 'फ्रंट राइट' म्हणत होती. तिला बंद करायचं मी विसरलो होतो.

मग 'लाइन आउट' निवडलं. स्पीकर घुमले.

"आई, लागलं गं!" मी हाक मारली.

तिने ओ दिली नाही. स्वयंपाकघरात मोबाइल मोठ्याने लागला होता.