सातबारा आणि आम्ही तिघं

बाबा गेल्यावर वारस नोंदीचं काम निघालं आणि आम्हा भावंडांचे तीन नमुने उघडे पडले. धाकटी पुण्याहून फलटणला आली ती थेट तलाठ्याकडे. मृत्यूचा दाखला घरीच. दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन गेली, तर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र नाही. मी कागदांची यादी करत बसलेली. आणि दादा? "बघू गं, जमीन कुठं पळून चाललीय."

डि'झुरिला आणि नेझू या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अडचणी हाताळण्याच्या नेमक्या याच तीन पद्धती मांडल्यात: विचारपूर्वक, उतावळी आणि टाळणारी. टाळाटाळीचं नैराश्याशी आणि चिंतेशी असलेलं नातं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. गंमत अशी की घरात सगळ्यात निवांत दादाच दिसायचा. रात्री-अपरात्री उठून अंगणात येरझाऱ्या घालतो, बीपीची गोळी वाढलीय, हे वहिनीकडून कळलं.

जेवताना मी पुन्हा विषय काढला तर ताटावरून उठला. वहिनी म्हणाली, "अहो, मनात काय आहे ते बोला तरी." मग बोलला. "नोंद झाली की बाबांचं नाव कमी होणार. त्यासाठी सही मी करायची?"

माझ्या यादीत हा कागद नव्हता.

झिम्बाब्वेत हरारेला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली मनाने खचलेल्यांसाठी एक उपक्रम सुरू केला. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर प्रशिक्षण घेतलेल्या आज्या बसतात. आधी माणसाचं ऐकून घेतात, मग अडचणी त्यालाच मोजायला लावतात, त्यातली एक त्यानेच निवडायची आणि झेपेल एवढंच पाऊल ठरवायचं. ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. बाकावर आज्यांशी बोललेल्यांचा मानसिक त्रास सहा महिन्यांनी इतरांपेक्षा बराच कमी होता. मला यातला क्रम पटतो. ऐकणं आधी, यादी नंतर. गेलेल्या माणसाचं दुःख काही अर्ज करून सुटत नाही, नोंद मात्र सुटते. दोन्हींची गाठ बसली की माणूस दोन्हींपासून पळतो.

दादाने बाबांच्या नावाचा जुना सातबारा लॅमिनेट करून कपाटात ठेवला आणि मग अर्जावर सही केली. आता नोटीस लागलीय. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील. पुढचा प्रश्न विहिरीच्या पाळ्यांचा. धाकटी आत्ताच मोटारीचा भाव विचारून आलीय.