घटस्फोट, दोन मुलं आणि सोमवारची सुट्टी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी क्वालिटी विभागात काम करतो. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. हे आधीच सांगतो, कारण आमच्या घटस्फोटाच्या संमतीच्या अटींच्या पहिल्या कच्च्या मसुद्यात "वडिलांनी दर रविवारी सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत मुलांना भेटावे" असं टाईप होऊन आलं होतं आणि मी मान डोलावली होती. दर रविवारी मी कामावर असतो, हे मला माहीत होतं. मुलांच्या आईलाही माहीत होतं. तरी त्या दिवशी ते आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. लक्ष सगळं पोटगीच्या आकड्याकडे होतं.

ती २०२२ च्या दिवाळीनंतर मुलांना घेऊन राजारामपुरीत माहेरी गेली. का गेली ते इथं लिहीत नाही. मुलं मोठी होतील, वाचतील. मुलगी तेव्हा आठ वर्षांची, मुलगा तीनचा.

माझी सगळ्यात मोठी चूक त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांतली आहे. तेव्हाच्या वकिलांनी सांगितलं, "मुलांचा ताबा मागून ठेवा, पोटगीचं बोलणं आपोआप खाली येतं." मी मागितला. दोन पाळ्यांत काम करणारा माणूस मी, घरी गुडघ्यांनी बेजार झालेली आई. तीन वर्षांच्या पोराला सकाळी उठवणार कोण, आंघोळ घालणार कोण, याचा विचारसुद्धा केला नव्हता. नोटीस घरी पोचली आणि टेबलावर राहिली. मुलीला वाचता येत होतं. पुढच्या भेटीला गेलो तर दारातच तिनं विचारलं, "पप्पा, तुम्ही आम्हाला कोर्टातनं नेणार?"

मला तिला काही सांगता आलं नाही. त्या आठवड्यात मी वकील बदलले.

नव्या वकील बाईंनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी समजावल्या. एक म्हणजे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईजवळ राहतं, म्हणजे माझी मागणी मुळातच लंगडी होती. दुसरी जास्त कामाची. ताबा वेगळा आणि पालकत्व वेगळं. मुलं आईकडे राहिली म्हणून बाप बाप राहायचा थांबत नाही. शाळा, आजारपण, पासपोर्ट, पुढचं शिक्षण या सगळ्यात आपलं म्हणणं अटींमध्ये लिहून घेता येतं. "ताबा मागायचा असेल तर मुलं सांभाळायला मागा," त्या म्हणाल्या, "नाहीतर मागू नका."

घरच्यांनी मध्ये बराच काळ खाल्ला. चुलते म्हणायचे, आपल्या भावकीत काडीमोड झालेली नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या संस्थानात घटस्फोटाचा कायदा केला, त्या गावात हे ऐकावं लागतं. मी वाद घातला नाही. बैठका मात्र बंद केल्या, कारण प्रत्येक बैठकीनंतर मुलांच्या कानावर काहीतरी नवं पडायचं.

आम्ही परस्पर संमतीचा रस्ता धरला. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. आमचं अर्ज करेपर्यंत वीस महिने झाले होते. लग्नाचा दाखला, लग्नाचे फोटो, दोघांचे आधार, राहण्याचे पुरावे, मुलांचे जन्मदाखले, हे एका फाईलमध्ये आधीच लावून ठेवलं तर हेलपाटे वाचतात. जुलै २०२४ मध्ये इथल्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज दाखल केला. या न्यायालयाचा एक नियम बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो: १९८४ च्या कायद्याप्रमाणे इथं वकिलामार्फत बाजू मांडणं हा आपला हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. न्यायाधीश थेट तुम्हालाच विचारतात. तेव्हा अटींमध्ये काय लिहिलंय ते तुम्हाला स्वतःला पाठ हवं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. स्त्रियांना आणि मुलांना तिथं उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते, हे मला नंतर कळलं.

विवाह समुपदेशक मॅडमनी आम्हाला आधी वेगवेगळं बसवलं, मग एकत्र. मला वाटलं होतं, त्या नांदायला जा म्हणून आग्रह करतील. त्यांनी एकदा नीट विचारलं, आम्ही दोघंही ठाम आहोत हे बघितलं, आणि मग मुलांच्या एका आठवड्याबद्दल विचारू लागल्या. सोमवारी शाळेतून कोण आणतं? मुलाला दम लागतो तेव्हा पंप कुठं असतो? मुलगी कुणाजवळ झोपते? मला तीनांपैकी दोन प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. रविवार-सोमवारचा घोळही तिथंच उघडा पडला.

पहिल्या अर्जानंतर कायद्यात सहा महिन्यांचा थांबा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे योग्य प्रकरणात तो माफ करून घेता येतो, आणि वकील बाई म्हणाल्या, तुमचं प्रकरण त्यात बसतं. आम्ही माफी मागितली नाही. हा निर्णय मुलांच्या आईचा होता आणि तो आमच्या सगळ्या प्रकरणातला सर्वात शहाणा निर्णय होता. ती म्हणाली, "सहा महिने हेच वेळापत्रक चालवून बघू. जे जमणार नाही ते शेवटच्या सहीआधी बदलू." ज्या घरात मारहाण आहे, भीती आहे, तिथं मी कुणालाही थांबा म्हणणार नाही. आमच्याकडे भीती नव्हती, नुसता अबोला होता, म्हणून हे जमलं.

त्या सहा महिन्यांत गणपती आले, नवरात्र झालं, दिवाळी झाली, मुलाला एकदा जोरात दमा उफाळला आणि माझी पाळी तीनदा बदलली. मसुद्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठं ना कुठं अडली.

सोमवार: शाळा सुटली की मी दोघांना थेट शाळेतून घ्यायचं आणि रात्री आठला जेवूनखाऊन सोडायचं. शिवाय महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार मी रजा टाकून किंवा पाळी बदलून मोकळा ठेवायचा. त्यासाठी आधी शाळेला दोघांच्या सहीचं पत्र द्यावं लागलं. मुलांना कोण नेऊ शकतं त्यांची नावं, दोघांचे फोन नंबर, प्रगतिपुस्तक आणि पालकसभेची सूचना दोघांनाही. पत्र दिल्यावरही एकदा गेटवर मला अडवलं आणि पोरं बघत उभी राहिली. तेव्हापासून त्या पत्राची पोच माझ्या गाडीच्या डिकीत असते.

गणपतीवर सगळ्यात जास्त बोलणं झालं. मुलीला दोन्हीकडचा गणपती हवा होता. वर्षाआड वाटून घ्या, असं सगळे सुचवतात. आम्हीही तसंच लिहिलं होतं. पण माझ्याकडे दीड दिवसाचा असतो आणि त्यांच्या आजोळी गौरीबरोबर जातो. तेव्हा प्रतिष्ठापनेच्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवशी विसर्जनापर्यंत मुलं माझ्याकडे, नंतर तिकडे. पंचांगात बघून पाच मिनिटांत सुटणारी गोष्ट आम्ही महिनाभर ताणली होती. दिवाळीत नरकचतुर्दशीची आंघोळ आईकडे, भाऊबीजेला संध्याकाळी माझ्याकडे, कारण त्यांची आत्या येते. मे महिन्याची सुट्टी सरळ अर्धी-अर्धी.

फोनची वेळ लिहिली: रोज रात्री सव्वाआठ. मूल बोलायला तयार नसेल तर जबरदस्ती नाही. हे शेवटचं वाक्य मी घालायला लावलं. दोन-तीनदा मुलगा फोनवर नुसता श्वास घेत उभा राहिला होता आणि मागून आजी "बोल की रं पप्पांशी" म्हणत होती. मला ते ऐकवेना.

आणि निरोप. आम्ही दोघांचाच एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, नाव "मुलं". त्यात फी, औषध, वेळ, एवढंच. "आईला सांग पैसे टाकलेत" हे वाक्य मी मुलीजवळ किती वेळा बोललो होतो, ते थांबवल्यावर लक्षात आलं. माझ्या आईला समजावणं जास्त जड गेलं. नातवंडं आली की ती मांडीवर घेऊन विचारायची, "तिकडं कोण येतं-जातं गं?" एका सोमवारी मुलगी म्हणाली, "आज्जी, मला नको विचारू." त्या रात्री मी आईला बसवून सांगितलं, की पोरं पाहुणी म्हणून येत नाहीत आणि बातमीदार म्हणूनही येत नाहीत. ती रडली. पुन्हा तिनं विचारलं नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. शाळेची फी मी थेट शाळेत भरतो, दरमहाचा खर्च ठरलेल्या तारखेला बँकेतून पाठवतो आणि प्रत्येक वेळी कशासाठी ते लिहितो. रोख काही नाही. रकमेत दरवर्षी किती वाढ, तेही लिहिलंय. मुलीचं सुकन्या समृद्धी खातं होतंच, त्यात कुणी किती भरायचं ते नमूद केलं. कंपनीच्या आरोग्य विम्यात मुलांची नावं कायम ठेवली आणि पीएफचं नॉमिनेशन बदललं. उत्पन्न लपवून काही साधत नाही. पोटगीचा वाद उभा राहिलाच तर दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा तसा निकाल आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दुरुस्त अटींची पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) दिली, शपथपत्रं झाली. शेवटपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून ते सहा महिने जपून बोलावं लागतं. न्यायाधीशांनी मला विचारलं, "सोमवारच का?" मी सांगितलं. त्यांनी तिला विचारलं, "मान्य आहे?" ती म्हणाली, "आम्ही करून बघितलंय, साहेब." बाकी पाच-सात मिनिटांत झालं. हुकूमनाम्याच्या सही-शिक्क्याच्या नकला तीन-चार काढून ठेवा. शाळा, बँक, पासपोर्ट, कुठंही मागतात.

ज्यांचं संमतीनं होत नाही, त्यांच्यासाठी एक सांगतो. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपील उच्च न्यायालयात जातं आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांनाही मुंबईच्या फेऱ्या नाहीत. आणि मुलांविषयीचा हुकूम कायमचा गोठलेला नसतो. विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे पुढंही बदल मागता येतो, आणि शक्य तिथं मुलांची इच्छा बघावी असं त्या कलमातच लिहिलं आहे.

दोन्ही घरांत कालनिर्णय लावलंय आणि त्यावर सारख्याच खुणा आहेत, माझ्या दिवसांना हिरवा गोल. या जूनमध्ये मुलीची फुटबॉलची प्रॅक्टिस नेमकी सोमवारी संध्याकाळी आली. शाहू स्टेडियमवरच्या मॅचेस बघून तिला हे वेड लागलंय, नेणारा मीच. तिनं आधी आईला विचारलं, मग मला, आणि आम्ही ग्रुपवर दोन ओळींत ठरवलं: सोमवारी मी तिला मैदानावर सोडायचं, धाकट्याला घेऊन बाहेर थांबायचं, मग तिघांनी जेवायचं. कागदात आठ वाजता सोडायचं लिहिलंय. आता साडेनऊ होतात. आई दार उघडते आणि आधी तिचे चिखलाचे बूट बाहेर काढायला लावते.