एकच कोट

गुरुवार, रात्र

कवळ्याहून, आत्याकडून, परतायला सात वाजले. पाऊस दिवसभर लागून होता. फोटो जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून नेले होते. एकूण १४ फोटो. आजोबांच्या ट्रंकेतले. सगळे तळहातात मावतील एवढे, सगळ्यांत एकेकटा मुलगा, पंधरा ते वीस वर्षांचा, कोट घातलेला. आजोबा बांदोड्याला मराठी शाळेत मास्तर होते, तेव्हा हे त्यांचे विद्यार्थी असणार, एवढेच घरात ठाऊक. नावे कोणालाच सांगता येत नव्हती.

आत्याला ८८ वे चालू आहे. राहिलेली तीच. तिने पहिला फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि चेहऱ्याकडे न बघता म्हणाली, "हो बाबांचो कोट."

दुसरा घेतला. "होय तोच." तिसरा, चौथा. मी म्हटले, आत्या, कोट सगळे सारखेच दिसतात. तर तिने बोट ठेवले दुसऱ्या बटणावर. बाकीची बटणे काळी, हे पांढरे. सदऱ्याचे. काळे बटण तुटून पडले, फोंड्याच्या दुकानात जोडीचे मिळेना, म्हणून आजीने आजोबांच्या फाटक्या सदऱ्याचे काढून दिले आणि ते टाचले आत्याने. तिला तो दिवस आठवतो, कारण सुई बोटात गेली होती.

मग सगळेच उलगडत गेले. गावातल्या मुलांकडे कोट कुठला असायला? गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य. मुंबईला जायचे तर कागद करायला हवेत, कागदाला फोटो हवा, आणि फोटोला कोट हवा अशी समजूत. आजोबा मुलाला स्वतःचा कोट घालून फोंड्याला फोटोवाल्याकडे नेत. कोट एक, मुले चौदा. आता ते फोटो पाहताना मला बाह्याच दिसतात. एका मुलाची बोटांची टोके तेवढी बाहेर आलीत, हात कोटात बुडालाय. दुसरा एवढा उंच की मनगटाच्या वर चार बोटे कातडी उघडी. फोटोत कमरेखालचे दिसत नाही. आत्या म्हणते, खाली पंचाच.

आणि एक गोष्ट मला सुचलीच नसती. १४ पैकी ३ फोटोंत दुसरे बटण काळेच आहे. बटण तुटले ते आत्याच्या लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात. लग्न १९५६ चे. म्हणजे तीन फोटो त्याआधीचे, अकरा त्यानंतरचे. तारीख कशावरच नाही, पण एका बटणाने ढीग दोन भागांत लावून दिला.

ऑगस्ट १९५५ च्या गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगिजांचा गोळीबार झाला, त्यानंतर भारताने सरहद्द बंद केली. येणेजाणे, व्यापार, पैसे पाठवणे सगळेच आवळले. ज्यांना मुंबई गाठायची त्यांना परवाने, शिक्के, अर्ज. त्या काळात फोटो जास्त निघाले असणार हे आता कळते. एरवी ती बंदी मला इतिहासाच्या पुस्तकातली होती. आज ती पांढऱ्या बटणाच्या अकरा कोटांतून समोर आली.

आत्याने नऊ जणांना ओळखले. खालच्या वाड्यावरच्या सुताराचा धाकटा. देवळातल्या चौघडेवाल्याचा नातू. एकाच्या बाबतीत मी नाव सुचवले, तर केवढ्याने ओरडली, "हो तो न्हय गो! ताचें नाक पळय." (हा तो नव्हे गं, त्याचे नाक बघ.) पाच राहिले.

शुक्रवार

जे लिहायचे टाळत होते ते आज लिहिते.

हे फोटो मुळात असे सुटे नव्हते. प्रत्येक एका पाकिटात होता, घरीच खळ लावून चिकटवलेली तपकिरी पाकिटे. बारा वर्षांपूर्वी ट्रंक उघडली तेव्हा मीच ते सगळे "नीट लावायला" घेतले. पाकिटे वाळवीने कुरतडलेली, वर शाईचे काहीतरी गिरगटलेले. मी फोटो काढले, पाकिटे गणेशचवथीच्या सफाईत मांडवाखालच्या कचऱ्याबरोबर जाळली, आणि फोटो प्लॅस्टिकच्या खिशांच्या आल्बममध्ये घातले. दोन पावसाळ्यांत दमटपणाने ते प्लॅस्टिकला चिकटले. सोडवताना एका मुलाचा गाल आणि कान प्लॅस्टिकवरच राहिला. बाकीच्यांच्या गडद भागावर आता चांदीसारखी निळसर झाक आलीय, तिरपे धरले की कोटाचा काळा रंग आरशासारखा चमकतो.

आणि ते गिरगटलेले? ती मोडी होती. आजोबांची रोजची लिपी, हिशेबाची, टिपणांची. पुढे मी मोडीच्या वर्गाला गेले, आजोबांची शाळेची हजेरी वाचायला शिकले, तेव्हा एका पानावर तशीच वळणे दिसली आणि पोटात गोळा आला. पाकिटांवर नावे होती. चौदा नावे. माझ्याच हातून गेली.

महिन्याभरापूर्वी पुराभिलेखागारात कागद द्यायची चौकशी करायला गेले, तेव्हा तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: "कागद ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने आहेत ना?" मी काय सांगणार! त्यांनी शांतपणे समजावले. बांधलेला जुडगा सोडायचा नाही. पाकीट, दोरा, टाचणीचा गंजका डाग, हेही कागदाइतकेच बोलतात. फोटोवर पेनाने लिहायचे नाही, मऊ शिसपेन्सिलने पाकिटावर लिहायचे. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही.

गोव्याला दप्तरे सांभाळायची सवय आहे, नाही असे नाही. १५९५ मध्ये दियोगु दु कौतु या पोर्तुगीज बखरकाराकडे इथल्या दप्तरखान्याचे काम आले, तेव्हापासून तो चालत आलाय. मोसमी वाऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार पुस्तकांत बांधला गेला, म्हणून त्यांना मान्सूनची पुस्तके म्हणतात. त्यातली ६२ अठराव्या शतकात लिस्बनला नेली, बाकी पणजीत आहेत. आणि पिसुर्ल्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर वर्षानुवर्षे त्या दप्तरांत बसले, म्हणून मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात काय काय चालले होते ते आपल्याला एवढ्या तपशिलाने वाचता येते. त्यांचे ऋण मोठे आहे.

पण ती दप्तरे सरकारची. सरकारला जे हवे तेच त्यांत. या चौदांपैकी एखाद्याचा अर्ज कुठे सापडेलही, नाव, बापाचे नाव, गाव. कोट उसना होता हे त्यात कसे येणार?

म्हणून मला म्हामाय कामतांचे कागद फार मोलाचे वाटतात. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचे घर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत व्यापार करणारे घराणे. त्यांची पत्रे, हिशेब, पोर्तुगीज, फ्रेंच, मोडी मराठी, गुजराती असे सगळे घरातच पडून राहिले होते. ते पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास-संशोधन संस्थेकडे गेले आणि त्यांतून अफूचा आणि गुलामांचासुद्धा व्यापार अभ्यासकांपुढे आला. घराण्याला भूषण वाटावे असेच कागद तेवढे ठेवले असते, तर यातले काय उरले असते? कोणी निवडत बसले नाही हेच बरे झाले. मी मात्र निवडले. "नीट" लावले.

रविवार, दुपार

यादी करायला बसले. हजेरीपुस्तके ६. पावत्या, एक जुडगा, दोरा तसाच. फोटो १४. आणि धाकट्या आजोबांची मुंबईहून आलेली पत्रे, ४१.

पत्रांवरून भावाशी फोनवर बराच वाद झाला. त्याचे म्हणणे, त्यात घरातली भांडणे आहेत, वाटणीचे आहे, आजीबद्दल वाईट लिहिलेय, ते कशाला परक्यांनी वाचायचे? त्याचे खोटे नाही. ती पत्रे वाचून मला दोन रात्री झोप लागली नव्हती. पण त्याच पत्रांत गिरगावातल्या खोलीत सहाजण कसे राहत, कोणाला कुठे नोकरी लागली, घरी पैसे पोचवायला कोणाला गाठावे लागे, हे सगळे आहे. कदाचित ते सहाजण म्हणजे याच कोटातले काही मुलगे. शेवटी ठरले: पत्रे द्यायची, पण पंचवीस वर्षे कोणाला दाखवायची नाहीत अशी अट लिहून द्यायची. तशी सोय असते असे त्या बाईंनी सांगितले होते. भाऊ गप्प झाला, मग म्हणाला, "एकदा मला वाचायला दे आधी." त्याने ती कधी वाचलीच नव्हती.

फोटोंसाठी बिनआम्लाच्या कागदाची पाकिटे आणलीत. प्रत्येकावर शिसपेन्सिलने लिहिले. "सुताराचा धाकटा मुलगा, ओळख आत्याकडून." खाली आजची तारीख, आत्याचे वय. कोणी ओळखले, कधी ओळखले, हे लिहायलाच हवे. तिचीही चूक होऊ शकते, आणि ती तपासायला उद्या कोणाला तरी जागा हवी.

पाच पाकिटांवर "अनोळखी". त्यापुढे बटण काळे की पांढरे ते. कान गेलेल्या फोटोच्या पाकिटावर मी स्वतःबद्दलही लिहिले: "मूळ पाकीट मी जाळले, त्यावर मोडीत नाव होते. फोटो प्लॅस्टिकला चिकटून फाटला." लिहिताना हात थांबला होता, पण लिहिले.

संध्याकाळी आत्याचा फोन. बोरीला आजोबांचा एक विद्यार्थी आहे, नव्वदीचा, त्याला ऐकू कमी येते पण नजर साफ आहे. मुंबईला पाच वर्षे काढून परत आलेला. "त्याने तो कोट घातला होता का?" मी विचारले. आत्या म्हणाली, विचार जाऊन त्यालाच.

पाचही पाकिटे डब्यात घातली आहेत. धोतराचा तुकडा वाळत टाकलाय. उद्या सकाळी नऊच्या बसने बोरी.