नवरंग बघायचा तर मान खाली: जांबोटी-कणकुंबीच्या रानातून

वळीव चांगला कोसळला की खानापूरच्या रानात नवरंग पक्षी बोलायला लागतो. मेच्या अखेरीस आम्ही बेळगावहून अंधारातच चोर्ल्याच्या रस्त्याला लागलो आणि जांबोटीच्या पुढे रान दाटलं तिथं, फटफटताना, गाडी कडेला लावली. काच खाली करताच शीळ आली. दोनच सूर, स्वच्छ आणि खणखणीत. लगेच ओढ्यापलीकडून दुसऱ्याचं उत्तर.

आम्ही दुर्बिणी लावून झाडांचे शेंडे धुंडाळत होतो. गुरं घेऊन चाललेले एक मामा थांबले. "वर काय बघालाय? त्ये खाली पाचोळ्यात असतंय."

आणि होताच. मैनेहून लहान, शेपूट जवळजवळ नाहीच. टुणटुण उड्या मारत पानं उलटायचा, एक गांडूळ ओढून काढलं, मग थबकून आखूड शेपूट वरखाली केली, तेव्हा बुडाखालचा लालभडक रंग दिसला. पाठ हिरवी, पंखावर निळा तुकडा, डोळ्यावरून जाड काळी पट्टी, गळा पांढरा. नर-मादी दिसायला सारखेच. गंमत म्हणजे शास्त्राच्या हिशेबात हा खऱ्या गायक पक्ष्यांच्या घराण्यातला नाही, कंठाची रचनाच साधी. कुमार गंधर्वांच्या जिल्ह्यात येऊन दोन सुरांवर मैफल मारतो, हे धाडसच!

वीण पावसाळ्यात. काड्या-पानांचं गोल घरटं, दार बाजूला, जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर. म्हणून पायवाट सोडून झुडपांत घुसू नका आणि मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावू तर अजिबात नका. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे, थेट श्रीलंकेपर्यंत उतरतो, तोही रात्रीचा उडत. वाटेत दमून कुणाच्या परसात पडलेला सापडला, तर मांजरापासून लांब, भोकं पाडलेल्या खोक्यात शांत ठेवा आणि वनखात्याला कळवा.

जायचं तर पायात लांब मोजे हवेत. पाऊस लागला की जळवा सोडत नाहीत. मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा. गवे आणि अस्वलं आहेत, त्यामुळे उजाडण्याआधी गाडीतून उतरू नका. भीमगड अभयारण्यात शिरायचं असेल तर परवानगी आधीच काढा. आम्ही बाहेरच, रस्त्याच्या कडेनं फिरलो आणि तेवढं पुरलं. ऊन चढलं की तो गप्प होतो. मधल्या वेळात कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी माउलीचं देऊळ बघून या, आणि दिवस कलायच्या आत पुन्हा ओढ्याकाठी या, तेव्हा तो परत बोलतो.