तुम्ही विचारलंत म्हणून : एड विन शेवटी ‘खरा’ नट झाला का?

नाट्यशिबिरात मी एड विन या जुन्या अमेरिकी विनोदी नटाचं नाव काढलं की प्रश्न ठरलेला असतो : ‘म्हणजे विनोदी नटानं एकदा गंभीर काम करून दाखवल्याशिवाय तो मोठा नाही, असंच ना?’ नाही. पण मी सांगतो ती गोष्ट तशीच ऐकली जाते, हे आता मान्य करायला हवं. म्हणून सविस्तर सांगतो.

फिलाडेल्फियातल्या टोपीवाल्याचा हा मुलगा. मधलं नाव एडविन, त्याचे दोन तुकडे करून त्यानं रंगमंचावरचं नाव घेतलं. व्होडव्हिलच्या गाणी-नकला-कसरतींच्या खेळांत चित्रविचित्र टोप्या, ढगळ कोट आणि खिदळणारा चिरका आवाज घेऊन तो उभा राहिला आणि ब्रॉडवेपर्यंत, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या रंगभूमीपर्यंत गेला. १९१९च्या नटांच्या संपात तो संपकऱ्यांच्या बाजूला होता. त्यानंतर बड्या निर्मात्यांनी दारं बंद केली, तर यानं स्वतःच खेळ लिहून उभा केला. रेडिओवर दिसणार कोणाला? तरी पोशाख चढवून, समोर प्रेक्षक बसवून बोलायचा. १९४९मध्ये टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम, त्याला एमी हा टीव्हीचा मानाचा पुरस्कार. एवढ्या कारकिर्दीत काय कमी होतं?

कमी होतं ते काम. टीव्हीवरचा कार्यक्रम १९५०मध्ये संपला आणि ती जुनी तऱ्हा कोणाला नकोशी झाली.

मग १९५६. रॉड सर्लिंगनं लिहिलेलं ‘रेक्विएम फॉर अ हेवीवेट’, दीड तासाचं टीव्ही नाटक, थेट प्रक्षेपण. चुकलं तर देशासमोर चुकणार. जॅक पॅलन्स थकलेला मुष्टियोद्धा, एडचा मुलगा कीनन त्याचा मॅनेजर आणि रिंगच्या कोपऱ्यात पाणी-टॉवेल घेऊन उभा राहणारा, आर्मी नावाचा मदतनीस म्हणजे एड. वय ६९. तालमीत वाक्यं विसरायची, आठवली तर जुन्या विनोदी लकबीत बाहेर पडायची. परिस्थिती इतकी बिकट झाली की नेड ग्लास या नटाकडून ती भूमिका गुपचूप पाठ करून घेतली गेली. मला यात कीननचं सर्वांत वाईट वाटतं. बापानं हे काम करावं म्हणून मागे लागलेला तोच होता. दिग्दर्शकाशी बोलायचं तेव्हा तो मुलगा होता आणि सेटवर उभा राहिला की सहकलाकार. बापाला ‘आता राहू द्या’ म्हणणं म्हणजे आयुष्यभराच्या कामावर बोळा फिरवणं. न म्हणावं, तर ११ ऑक्टोबरच्या रात्री सगळ्यांदेखत बाप उघडा पडणार.

एड उघडा पडला नाही. त्यानं ते नाटक निभावलं. त्या प्रक्षेपणाचं चित्रण उपलब्ध आहे. ते पाहताना माझं लक्ष त्याच्या थांबण्याकडे जातं. हशा किती वेळ टिकेल याचा अंदाज घेत उभा राहिलेला माणूस इथं हशा नसतानाही तसाच थांबतो आणि ती शांतता अंगावर येते. म्हणून मी म्हणतो, त्यानं विनोद सोडला नाही, विनोदातलंच हत्यार वापरलं.

पूर्वी मी हीच गोष्ट ‘विदूषकाची सुटका’ म्हणून सांगायचो. १९५९च्या ‘द डायरी ऑफ ॲन फ्रँक’साठी मिळालेलं ऑस्कर नामांकन हा माझा पुरावा असे. आज त्या जुन्या स्वतःला मी विचारतो : सुटका कशातून? लोकांना हसवण्यातून? १९६४मध्ये तो ‘मेरी पॉपिन्स’ चित्रपटात हसत हसत हवेत तरंगून छताला लागला, तेव्हा कैदेत परतला होता का?

मात्र माझ्या नव्या म्हणण्यालाही एक अडचण आहे. मला तो आर्मी भिडतो, कारण त्यामागच्या टोप्या मला माहीत आहेत. शिबिरातल्या मुलांनी त्या कधी पाहिलेल्या नसतात, तरी ती गप्प होतात. मग हत्यार विनोदाचंच होतं, हे मी कशाच्या जोरावर सांगतो? त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण पुढच्या शिबिरात आधी त्याचा विनोदी तुकडाच दाखवणार आहे.