चौकटीतली तिसरी

आमच्या खानापुरात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, यायच्या त्या बेळगावच्या बाजारातून, रविवारी, पिशवीतून. त्या कुठल्या वाळूत, कशा राहतात याचा मी कधी विचारच केला नव्हता. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला किनाऱ्यावरचे मृदुकाय, म्हणजे शंख-शिंपल्यांतले मऊ अंगाचे, प्राणी हा विषय मिळाला आणि मी कारवारला मावशीकडे मुक्काम टाकला.

पहिल्या दिवशी माजाळीच्या किनाऱ्यावर दोन तास फिरून दिसेल तो शंख-शिंपला गोळा केला. सरांनी पिशवी वर्तमानपत्रावर ओतली. बहुतेक रिकामे. एक शंख चालू लागला, पण त्याच्या तोंडातून खेकड्याचे पाय बाहेर आले. "लाटेनं कुठून आणून टाकलेत, सांगता येईल तुला? जिवंत प्राणी राहतो तिथं जाऊन मोज," सर म्हणाले. माझी सगळी यादी रद्द झाली. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

मग पाइपची अर्ध्या मीटरची चौकट केली. भरतीच्या खुणेपासून पाण्यापर्यंत दोरी ताणायची आणि ठरलेल्या अंतरावर चौकट ठेवून आतलं मोजायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब ओसरतं. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते, त्यामुळं माझा दिवस घड्याळापेक्षा तिथीवर चालायचा.

खडकावर वरून खाली येताना वस्ती बदलत जाते. जिथं फक्त तुषार पोचतात, तिथल्या भेगांत झाकण घट्ट लावून बसलेले लिटोरिना नावाचे इवलेसे शंख. त्याखाली नेरिटा, हेही शंखच. मग दगडाला चिकटलेली कालवं, आणि त्यांच्यातच त्यांना भोक पाडून खाणारा थाइस नावाचा शंख. वरच्यांना उन्हाचा जाच, खालच्यांना खाणाऱ्यांचा. चार पावलांत एवढा फरक मी कुठं पाहिला नव्हता.

काळी नदीच्या मुखाशी मात्र चौकट रिकामीच यायची. तिसऱ्या काढणाऱ्या एका बाईंनी मला वाळूतली शेजारशेजारची दोन बारीक भोकं दाखवली. खाली उकरलं, तर तिसरी.

परवा आईनं बाजारातल्या तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या होत्या. थोड्या वेळानं शिंपा किलकिल्या झाल्या आणि दोन नळ्या हळूच बाहेर आल्या. मी आईला ओढत तिथं नेलं. ती पदराला हात पुसत कितीतरी वेळ वाकून बघत राहिली.