सदर ते सेमिनरी हिल्स : जन्माआधीच्या कृपेची पदयात्रा

८ डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला, आम्ही सदरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथीड्रलपासून सेमिनरी हिल्सपर्यंत पायी जातो. अंतर फार नाही, पण नागपूरची डिसेंबरातली पहाट अंगात शिरते. स्वेटर हवाच, आणि ऊन चढल्यावर तो ठेवायला पिशवी.

रांग लांबली की जपमाळ विस्कटते. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एक जण म्हणतो, उरलेला सगळे. मागच्यांचं उत्तर संपायच्या आत पुढचा मणी सरकला की सूर तुटलाच. म्हणून म्हणणारा मध्ये हवा आणि चाल सगळ्यांत हळू माणसाची. जपमाळेची पाचही रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग, वीस-पंचवीस मिनिटांत होतात. उरलेल्या वाटेवर वाचन आणि शांतता.

जपानी गार्डनजवळ थांबून बोलायचं ते सणाबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं, हा मरियेच्या उदरी येशू आल्याचा सण. तो २५ मार्चला. हा सण मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटी आली त्याचा. परंपरेनुसार तिचे आईवडील अन्ना आणि योआकीम. तिचा गर्भ राहिला तो इतर कुणाचाही राहतो तसाच. म्हणून तर तिचा जन्मदिन नऊ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला. पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये जाहीर केलेली शिकवण इतकीच : गर्भधारणेच्या पहिल्या क्षणापासून देवाने तिला आदिपापापासून, म्हणजे आदामापासून प्रत्येक माणसाला जन्मतः लागणाऱ्या पापापासून, राखलं. प्रॉटेस्टंट मंडळ्या हे मानत नाहीत. सोबत तिकडचे पाहुणे असतील तर आधीच सांगावं.

मग तिला तारणाऱ्याची गरजच नव्हती का? तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्विनास इथेच अडले. त्यांच्यानंतरचे धर्मशास्त्रज्ञ डन्स स्कोटस यांनी वाट काढली : खड्ड्यात पडलेल्याला वर ओढणं हे वाचवणंच, पण पडण्याआधी हात धरणं हे त्याहून मोठं वाचवणं. मरियेला मिळालेली कृपा ख्रिस्ताच्याच पुण्याईची, फक्त आधी पोचलेली. माझ्या मते सगळ्या सणाचा गाभा हाच. काही कमावण्याआधी, हाक मारण्याआधी दिलेली ही देणगी आहे.

चढावर लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचतो. मरियेचा आवाज कानी पडताच तिची नातलग एलिझाबेथ हिच्या पोटातलं बाळ, म्हणजे पुढचा बाप्तिस्मा करणारा योहान, आनंदाने उसळलं; तेव्हा एलिझाबेथला सहावा महिना होता. योहान जन्माआधीच पवित्र झाला तो इथे, असं परंपरा मानते. पण तो आदिपापासह गर्भात आला आणि तिथेच शुद्ध झाला. मरियेला ते लागलंच नाही. हा फरक सोडला की दोन्ही गोष्टी एकच वाटू लागतात.

गरोदर बाई हमखास विचारते, माझ्या बाळाचं काय? तिला बायबलमधलं १३९वं स्तोत्र वाचून दाखवावं : देव त्याला गर्भात घडवतो, ओळखतो. योहानासारखं झालं असेल, असं मात्र सांगू नये; बाळासाठी बाप्तिस्मा, म्हणजे आदिपाप धुणारा पाण्याचा विधी, आहे. पोटातच गेलेल्या बाळाला चर्च देवाच्या दयेवर सोपवतं, आणि त्याच्या तारणाची आशा धरायला जागा आहे, असं व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने २००७ मध्ये सविस्तर मांडलं. ज्या घरात असं घडलंय तिथे हे नीट, सावकाश सांगा.

जन्मलेलं बाळ अत्यवस्थ असेल तर फादरची वाट पाहत बसू नका. नर्स, आजी, कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. मनात हेतू मात्र चर्च बाप्तिस्म्यात जे करतं तेच करण्याचा हवा. साधं पाणी डोक्यावर तीनदा ओतत म्हणायचं : 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते.' चूक होते ती दोन ठिकाणी. कुणी नुसतं ओलं बोट कपाळाला लावतं; पाणी वाहायला हवं. कुठे एक जण ओततो आणि दुसरा शब्द म्हणतो. दोन्ही एकाच माणसाने, एकाच वेळी करायचं. नंतर पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमध्ये, नोंद करा. बाळ बरं झालं तर बाप्तिस्मा पुन्हा होत नाही, राहिलेले विधी तेवढे चर्चमध्ये होतात.